सुपातली लेक

शितलच्या पोरीनं जन्मल्या जन्मल्या असा टाहो फोडला की व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या जमनाबाईच्या कपातला चहा हिंदकळून तिच्या घागऱ्यावर सांडला. चहाचं तिला काही वाटलं नाही. तो कप सकाळपासून ती नुसताच हातात धरून बसली होती.

"आवाज खणखणीत हाय," ती म्हणाली. "बापावर न्हाई गेली, बरं झालं."

बाप म्हणजे दिपक, शितलचा नवरा. बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला सासुरवाडीच्या माणसांत एकटा सापडलेला जावई. तो बिचारा खांब धरून उभा होता आणि खांबाइतकंच बोलत होता. आता तो नुसता हसला आणि लगेच शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

दार उघडून नर्सबाई बाहेर आल्या तशी जमनाबाई उठली. पोरगी की पोरगा, हे तिनं विचारलं नाही. वजनही विचारलं नाही.

"रंग कसा हाय लेकराचा?"

"रंगाचं काय घेऊन बसलात आजी? गोरी असो, सावळी असो..."

"तसं न्हाई वो. पिवळी हाय का?"

नर्सबाई थबकल्या. "पिवळी कशाला असेल? लाल आहे. गाजरासारखी."

तेव्हा कुठं जमनाबाई खाली बसली आणि गार झालेला उरलासुरला चहा एका घोटात पिऊन टाकला.

ही धास्ती जुनी होती. प्रेमदास तिचं पहिलं लेकरू. तो धडधाकट जन्मला, धडधाकट वाढला आणि आता पोट सुटलेला आजोबा झाला होता. पण त्याच्या पाठीवर जी लेकरं आली ती हळद लावून आल्यासारखी पिवळी आली आणि दोन-चार दिवसांत गेली. त्या वर्षांत किसनसिंग आणि ती सिद्धेश्वरच्या धरणावर मातीच्या पाट्या वाहत होते. तांड्यातल्या जाणत्यांनी निकाल देऊन टाकला: पोटुशी बाई नदी अडवायला गेली, पूर्णामायनं लेकरं मागून घेतली. काहीजणी तर त्याहून वाईट बोलल्या. किसनसिंगनं जन्मात तिला शब्दानं दुखवलं नाही, पण किसनसिंग आता नव्हता आणि बोलणाऱ्या मात्र अजून होत्या.

थोड्या वेळानं डॉक्टर ज्योती बाहेर आली. डॉक्टर ती जगाला. जमनाबाईला ती गावातल्या कमलबाईची नात होती, लहानपणी तांड्यावर येऊन बकरीच्या पिल्लांशी खेळणारी.

"जमनामाय, पेढे मागवा," ती म्हणाली. "रक्त जायचं थांबलं. पोरगी छान आहे. आणि शितल बोलायला लागली, भूक लागली म्हणते."

"भूक लागली म्हनती!" शितलची आई बेबीबाई इतकंच बोलली आणि तोंडाला पदर लावून हमसायला लागली. सकाळी शितलचं रक्त थांबता थांबेना तेव्हा हीच बेबीबाई डोळ्यांतून टिपूस न काढता धावपळ करत होती. रडायला माणसाला थोडी सवड लागते. प्रेमदासनं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग चारचौघांत बायकोला हात लावल्याचं ध्यानात येऊन तो काढला आणि पेढे आणायला पैसे शोधायला लागला.

"थांबा काका, अजून एक काम राहिलंय," ज्योती म्हणाली. "नांदेडहून आणलेली रक्ताची पिशवी चढवली. अजून एक पाहिजे. आता घाबरण्यासारखं नाही. पण शितलचं अंग पांढरंफटक पडलंय. पुन्हा रक्त जायला लागलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तिचं रक्त बी निगेटिव्ह आहे. नांदेडला संपलं, परभणीला नाही. घरातल्यांचं तपासू या."

"निगेटिव्ह म्हंजी खराब का?" प्रेमदासनं विचारलं. आपल्या घरच्या रक्ताला कोणी नावं ठेवलेली त्याला खपण्यासारखी नव्हती.

"खराब नाही. एक खूण असते रक्तात, ती तिच्या रक्तात नाही, इतकंच. म्हणून खूण असलेलं रक्त तिला चालत नाही."

दवाखान्यातच रक्त काढायची आणि तपासायची सोय होती. सगळ्यांची बोटं टोचून झाली. प्रेमदासचं बी निघालं, पण पॉझिटिव्ह. बेबीबाईचं ओ, तेही पॉझिटिव्ह. दिपकनं मोठ्या उमेदीनं दोन्ही हात पुढं केले होते. त्याचं ए पॉझिटिव्ह.

"जावईबापू, तुमी पेढ्याकडंच बघा," बेबीबाई डोळे पुसत म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा सगळे मोकळं हसले.

मग जमनाबाईनं कोपरापर्यंतच्या बांगड्या वर सारल्या. "माझं बघ की गं. म्या काय मेले व्हय?"

ज्योतीनं तिचं समाधान म्हणून तपासायला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा ती दारातच उभी राहिली.

"जमनामाय, तुमचं बी निगेटिव्ह आहे."

"मंग काढ. बादलीभर काढ."

"नाही काढता येणार. तुमचं वय झालं, आणि अंगावर मांस तरी आहे का? तुमचं काढलं तर तुम्हालाच चढवावं लागेल." ज्योती बोलत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडंच लागल्यासारखं दिसत होतं. "तुमच्या पोटचं प्रेमदासकाकांशिवाय अजून..."

"कुनी न्हाई," जमनाबाई म्हणाली. "येकलाच."

बाकाच्या टोकाला भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली कमलबाई खाकरली. ज्योतीनं आजीकडं पाहिलं, मग जमनाबाईकडं.

"आणि भिका आत्या?"

"ती तुमची हाय."

"याडी," प्रेमदास आईपुढं हात जोडून म्हणाला, "ह्यो दवाखाना हाय. हितं सूप चालत न्हाई."

सुपाची गोष्ट तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ज्या घरात लेकरं वाचत नाहीत तिथं पुढचं लेकरू जन्मलं की त्याला सुपात घालायचं आणि परक्या जातीच्या, भरल्या घरच्या बाईच्या ओटीत द्यायचं. हे आमचं नाहीच, असं नशिबाला बजावायचं. पाचव्या दिवशी तेच सूप भरून ज्वारी द्यायची आणि लेकरू विकत आणायचं. नाव भिका ठेवायचं, म्हणजे भीक मागून आणलेलं. जमनाबाईनं आपली पोरगी अशीच कमलबाईच्या ओटीत घातली. कमलबाईच्या घरातून तेव्हा देव्हारा जाऊन बुद्धाची तसबीर आलेली होती, असल्या गोष्टींवर तिचा काडीइतका विश्वास नव्हता. पण रडून डोळे सुजलेली बाई दारात सूप घेऊन उभी राहिली तर तिच्याशी वाद घालत बसायचं का? तिनं पोरीला उचललं, कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, "माझी झाली. जा, गुमान नीज."

पाचव्या दिवशी जमनाबाई तापानं फणफणली होती. ज्वारी न्यायची राहिली, आणि पोरगी वाचली. पुढं पोरगा झाला. त्यालाही सुपात घातलं, पण त्याला मात्र ठरल्या दिवशी ज्वारी देऊन परत आणलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. त्यावरून जमनाबाईनं जी गाठ मारली ती कायमची. लेकरू नुसतं देऊन भागत नाही; परत घेतलं की मरतं. भिकाबाईला तिनं कधीच परत घेतलं नाही.

वाढवलं तिनंच. दूध तिनं पाजलं, वेण्या तिनं घातल्या, तापात उशाशी तीच बसली. पण 'माझी' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. चारचौघांत 'कमलबाईची पोरगी' म्हणायचं. भिकाबाईनं तिला काकी म्हणायचं आणि कमलबाईला माय. प्रेमदास आईला याडी म्हणायचा, लग्न होऊन बेबीबाई आली तीही याडी म्हणायला लागली. जिचा खरा हक्क होता तिलाच तेवढी मुभा नव्हती. भिकाबाईच्या लग्नात, नवरी आईच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, गाते ती वेळ आली, तेव्हा जमनाबाई गोठ्यामागं जाऊन बसली. भिकाबाईनं ढावलो गायला तो कमलबाईच्या गळ्यात पडून. कमलबाईला त्यातल्या बंजारा बोलीचा एक शब्द कळत नव्हता, तरी ती पोरीपेक्षा जास्त रडली.

"रक्त दिलं म्हंजी ती आपल्या घरची झाली," जमनाबाई आता दबक्या आवाजात म्हणाली. "मंग तिला कोन वाचवंल?"

"कशापासून वाचवायचं याडी? दोन बाप्ये उचलतील येवढं वझं उचलती ती. वारंग्याला हॉटेल चालवती. ड्रायव्हर लोक भेतात तिला."

"मरन काय वय इचारून येतंय व्हय?"

तिनं आधारासाठी कमलबाईकडं पाहिलं. इतकी वर्षं या एका बाबतीत कमलबाई कायम तिच्या बाजूनं उभी राहिली होती. भिकाबाई माहेरपणाला यायची ती दिवाळीला तांड्यावर नाही, चौदा एप्रिलला कमलबाईच्या घरी. तिला लुगडं कमलबाई नेसवायची. ते लुगडं जमनाबाईनं गुपचूप आणून दिलेलं असायचं, हेही कमलबाईनं कधी कोणाला कळू दिलं नव्हतं.

"जमने," कमलबाई म्हणाली, "तुझा शब्द म्या पाळला. तू म्हनलीस तशी वागले. पन आज म्या तुझ्या बाजूनं न्हाई."

"तू बी?"

"म्या बी."

जमनाबाईनं मान हलवली. "बोलवायचं न्हाई तिला. दुसरं कुनी बघा. हिंगोलीत मानसं मेली का समदी?"

तेव्हा बेबीबाई उठली. या घरात आल्यापासून सासूला उलट बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण थरथरत होता.

"याडी, तुमची लेक वाचावी म्हनून माझ्या लेकीनं मरायचं का?"

'तुमची लेक' हे दोन शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेडात, माणसांसमोर बोलले गेले होते. जमनाबाईनं चटकन दाराकडं पाहिलं, जणू कोणी तिथं कान लावून उभं होतं. तिला सुनेचा राग आला नाही. आधी भीती वाटली आणि मग लाज. कारण सुनेचं बोलणं खरं होतं. दोन्ही लेकीच होत्या, आणि तिनं मनातल्या मनात एकीला झुकतं माप दिलं होतं.

ज्योतीनं एक स्टूल ओढलं आणि ती जमनाबाईसमोर बसली.

"जमनामाय, मला एक सांगा. जी लेकरं गेली ती सगळी पिवळी पडायची?"

"समदी. हळदीवानी."

"पहिले प्रेमदासकाका मात्र चांगले होते."

"व्हय."

"आणि भिका आत्या?"

"ती न्हाई. ती जल्मली तवापासून लालबुंद. जशी तुमच्या नर्सनं सांगितली आज."

ज्योतीनं स्टूल अजून पुढं ओढलं. "मग ऐका. मघाशी मी म्हणाले ना, रक्तात एक खूण असते. तुमच्या रक्तात ती नाही, किसनसिंगबाबांच्या रक्तात होती. लेकरू बापाची खूण घेऊन आलं की तुमच्या रक्ताला ते परकं वाटतं. पहिल्या खेपेला काही होत नाही. पण बाळंत होताना लेकराचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आणि आईचं रक्त ती खूण ध्यानात ठेवतं. पुढच्या खेपेला तीच खूण घेऊन लेकरू आलं की त्याच्यावर तुटून पडतं. त्यानं लेकराचं रक्त फुटतं आणि ते पिवळं पडतं."

जमनाबाईनं ते मनाशी घोळवून पाहिलं. ओठ हलत होते.

"म्हंजी तांड्यातल्या कुत्र्यावानी," ती म्हणाली. "नवा मानूस पैल्या बारीला आला तर नुसता वास घेऊन ठेवतंय. दुसऱ्या बारीला फाडतंय."

"अगदी बरोबर."

"मंग माझ्याच रक्तानं मारली त्यास्नी."

"नाही," ज्योतीनं तिचे दोन्ही हात धरले. "तुमच्या हातात काही नव्हतं. धरणामुळं नाही, नदीमुळं नाही, तुमच्या पायगुणानं तर नाहीच नाही. त्यावर इंजेक्शन असतं, तेव्हा तुमच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. आता आहे. शितललाही तुमच्यासारखीच खूण नाही, आणि तिची पोरगी दिपकरावांची खूण घेऊन आली आहे. म्हणून शितलला ते इंजेक्शन मी आजच देणार. ते दिलं की तिचं रक्त वास घेऊनच ठेवत नाही. पुढची लेकरंही अशीच गाजरासारखी येतील."

बेबीबाईनं भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले. दिपक पुन्हा बाहीकडं वळला. पण जमनाबाई अजून तिथंच अडकली होती.

"त्या पोराला म्या ज्वारी देऊन परत आनलं," ती म्हणाली. "आनलं नसतं तर..."

"नसतं आणलं तरी तो गेलाच असता, जमनामाय. तो जन्मला तेव्हाच पिवळा होता ना?"

"व्हता. थोडा व्हता. म्या म्हनलं, उन्हाचा दिसत आसंल."

आणि ती रडली. मोठ्यानं नाही, खाली मान घालून, खांदे हलवत. त्या पोराचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. आपण सूपभर ज्वारी देऊन त्याचं मरण विकत आणलं, असं ओझं तिनं डोक्यावर वागवलं होतं, आणि पाटी डोक्यावर असल्याची तिला इतकी सवय झाली होती की ती उतरल्यावर मानच दुखायला लागली. कमलबाई सरकत सरकत तिच्याशेजारी आली आणि नुसती खेटून बसली.

रडणं ओसरल्यावर जमनाबाईनं नाक पुसलं. "आन भिकी? तिला काहून न्हाई फाडलं?"

"बाप खूण कधी देतो, कधी देत नाही. माझा अंदाज आहे की भिका आत्याला ती मिळाली नाही. तिचं रक्त तुमच्यासारखंच असणार."

"म्हंजी तिच्या अंगाला माझाच वास व्हता."

"हो."

"म्हनून ऱ्हायली?"

"म्हणून."

परकी केली म्हणून वाचली, असं समजून जिला जन्मभर दूर ठेवलं, ती वाचली होती ती आपली होती म्हणून! हे इतकं उलटं होतं की जमनाबाईला आधी ते नीट धरताच येईना.

"मंग सूप?" तिनं विचारलं.

"सुपाचं काय," कमलबाई म्हणाली, "सूप माझ्याकडं हाय आजून. म्या त्यात डाळी पाखडते."

प्रेमदास घसा साफ करत पुढं आला. "याडी, आता रागावू नको. म्या मघाशीच वारंग्याला फोन केला. भिकी निघाली."

"मघाशी म्हंजी कवा?"

"तू न्हाई म्हनत व्हतीस तवा."

जमनाबाईनं त्याच्याकडं डोळे वटारले खरे, पण त्यात काही दम नव्हता.

भिकाबाई जीपमधून उतरली ती हॉटेलातल्याच कपड्यांवर, हाताला बेसन लागलेलं. उंच, रुंद खांद्यांची बाई. तिनं आधी बेबीबाईला पोटाशी धरलं, भावाची विचारपूस केली, कमलबाईच्या पायांना हात लावला. मग जमनाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"काकी, तुमी मला बोलवू नका म्हनलात म्हनं."

प्रेमदासला फोनवर सगळंच बोलायची खोड होती. जमनाबाईनं तोंड उघडलं. सांगायचं सगळं जिभेवर होतं, पण जीभ जुन्या वळणाची. ती हललीच नाही.

"लोकांची लेकरं पाचव्या दिवशी घरी येतात," भिकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. "म्या काय सूपभर ज्वारीच्या मोलाची बी नव्हते? बरं, ते जाऊ द्या. पन माझ्या भावाच्या पोरीला माझं रक्त बी नको?"

"भिका आत्या, चल आधी," ज्योतीनं तिचा दंड धरला. "बोलणं नंतर. बोट दाखव."

दोघी आत गेल्या. जमनाबाई दाराकडं बघत बसली. मघाशी आलेला सुटकेचा भर ओसरून आता नवीच हुरहुर लागली होती. भिकीचं रक्त दुसरंच निघालं तर? मग ज्योतीचा अंदाज चुकला म्हणायचा, आणि मग सुपाचंच खरं ठरायचं! आयुष्यात पहिल्यांदाच ती मनापासून मागत होती की ही पोरगी माझी निघू दे.

दार उघडलं. ज्योतीनं नुसती बोटं वर करून हलवली आणि हसली.

"बी निगेटिव्ह. तंतोतंत. आणि तब्येत अशी की दोघींना पुरेल. झोपवलंय तिला, काढायला सुरुवात केली."

बेबीबाई धावत जाऊन ज्योतीच्या गळ्यात पडली. प्रेमदास आता पैसे मोजायच्या भानगडीत न पडता पाकीट तसंच दिपकच्या हातात देऊन म्हणाला, "जा, दुकानातले आसतील तेवढे पेढे आना."

जमनाबाई उठली. गुडघे धरून, हळूहळू.

"कुठं निघालीस?" कमलबाईनं विचारलं. "आन माझी सूपभर ज्वारी? ती बाकी हाय तुझ्याकडं."

"देत न्हाई," जमनाबाई म्हणाली. "आपलंच लेकरू इकत कोन घेतं?"

कमलबाई हसली, पण हसताना तिचा चेहरा किंचित पडला. "मंग म्या कोन आता?"

जमनाबाई परत फिरली. तिनं कमलबाईचा सुरकुतलेला हात हातात घेतला. "तू माय. म्या याडी. तिला दोघी हायेत. तुला मला येक येकच व्हती."

रक्त काढायच्या खोलीत खाटा ओळीनं लावलेल्या होत्या. पलीकडं दोघी-तिघी बाया पडून होत्या, त्यांच्या सोबतच्या खाली चटईवर. भिकाबाई हातात रबरी चेंडू धरून छताकडं बघत पडली होती. नळीतून गडद लाल रक्त खाली पिशवीत उतरत होतं. जमनाबाई ते बघत उभी राहिली. तिचंच रक्त होतं ते. तिच्यापासून भिकीकडं आलेलं आणि आता भिकीकडून शितलकडं निघालेलं.

भिकाबाईनं मान वळवली. "काकी, उभ्या काहून? बसा की."

"काकी कुनाला म्हनून राहिलीस?"

भिकाबाईच्या मुठीतला चेंडू तसाच दाबलेला राहिला.

"ज्योतीनं आत सांगितलं मला समदं," ती म्हणाली. "रक्ताचं. त्या लेकरांचं. तुमी भेत व्हता म्हनं."

"लई भेत व्हते."

"मला वाटायचं, मी नकोशी हाय."

"तू नकोशी आसतीस तर म्या तुला भ्या न बाळगता परत आनली नसती व्हय?" जमनाबाई म्हणाली. "गोठ्यामागं बसून तुझा ढावलो ऐकला म्या. समदा. शेवटपर्यंत."

भिकाबाईच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर ओघळलं. हात नळीला जोडलेला, पुसायचं कसं? ते जमनाबाईनं आपल्या ओढणीनं पुसलं.

"मंग काय म्हनू तुमाला?"

"प्रेमदास म्हनतो ते. आन तुमाला काय म्हनतीस? तुला म्हन."

भिकाबाई तोंड उघडून थांबली. लहानपणी एकदा चुकून ती हे बोलली होती आणि जमनाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला होता. तो हात दोघींनाही आठवला.

"मोठ्यानं म्हनू?"

"मोठ्यानं म्हन. कुनाला ऐकायचं ते ऐकू दे."

"याडी," भिकाबाई म्हणाली. आणि मग एकदा बांध फुटल्यावर तिला आवरेना. "याडी! आगं याडी!"

पलीकडच्या खाटांवरच्या बाया माना उचलून बघायला लागल्या. जमनाबाई त्यांच्याकडं वळली आणि कमरेवर हात ठेवून, तांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी लेक हाय ही! भिकाबाई! माझ्या पोटची!"

नर्सबाई ओठांवर बोट ठेवून धावत आल्या. "आजी, हळू बोला. पेशंट झोपलेत."

"झोपू द्या की बाई," जमनाबाई म्हणाली. "म्या लई वर्सं हळूच बोलले."